घंगाळातला फुटाणा

आमच्या आणि पाटीलवहिनींच्या घराच्या मध्ये मेंदीचं कुंपण आहे. कुंपण आपलं म्हणायला. मधली तीनेक फूट मेंदी वाळून गेली त्याला आठ-दहा वर्षं झाली, आणि तिथं नवी लावायचं दोघींच्याही मनात कधी आलं नाही. विरजण, विळी, पेपरची पुरवणी, ताटाखाली झाकलेल्या पुरणपोळ्या, सगळी ये-जा त्या खिंडीतून चालते. सांगलीत विश्रामबागेकडं बंगले पाडून अपार्टमेंट उठायला लागली, तरी आमची गल्ली अजून जमिनीला पाय टेकून आहे. सकाळी साडेसहाला मी गुडघ्यांची परवानगी घेऊन पारिजातकाखाली येते (हंगाम नसला तरी येते, सवयीनं), वहिनी पलीकडून कर्दळीला नळी लावतात, आणि आठपर्यंत गल्लीचा सगळा हिशेब पुरा होतो.

जूनमधल्या एका सकाळी नळीचं पाणी कर्दळीऐवजी स्वतःच्याच पायावर सोडत वहिनी म्हणाल्या,

"वैनी, तुम्ही म्हणे उंदीर पाळलाय?"

"कोण म्हणालं?"

"मास्तरीणबाई. दूध घेताना. चारचौघींत म्हणाल्या."

मास्तरीणबाईंना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण गल्लीची हजेरी त्या अजून घेतात.

"उंदीर नाही ओ. हॅमस्टर आहे."

"म्हंजे?"

म्हंजे काय ते मला तरी कुठं माहीत होतं? मुलाची पुण्याहून बेंगळुरूला बदली झाली. तिथल्या घरमालकानं प्राणी चालणार नाहीत असं करारातच लिहून घेतलं. नात पाचवीतली, रडून रडून तापली. मग ठरलं, दुसरं घर मिळेपर्यंत त्याला आजीकडं ठेवायचं. आजीला कुणी विचारलं नाही. रविवारी दुपारी गाडीतून दोन बॅगा, एक पिंजरा आणि एक वही उतरली. वहीत नातीच्या अक्षरात सूचना. पहिल्याच पानावर, 'याचं नाव फुटाणा. आजी, तू याला घाबरू नकोस. तो तुला घाबरतो.'

या दुसऱ्या वाक्यानं मला काडीचा धीर आला नाही. घाबरलेलंच आधी ओरबाडतं, हे मी चाळीस वर्षं सासरी बघितलंय.

"दिसतो कसा?" वहिनींनी नळी बंद केली. म्हणजे आता प्रकरण गंभीर.

"फुटाण्याच्या रंगाचा. पोट पांढरं. मुठीएवढा. डोळे मिऱ्याच्या दाण्यासारखे."

"आणि शेपूट?"

"नाही म्हणायला आहे. करंगळीच्या नखाएवढी."

"मग उंदीर कसा म्हणायचा त्याला!" वहिनी एवढं म्हणून मोकळ्या झाल्या. माझं तसं नव्हतं.

माझं माहेर हरिपूर. नदीकाठचं घर, माळ्यावर धान्य, आणि धान्यामागून उंदीर. सात वर्षांची असताना रात्री झोपेत टाच कुरतडली माझी. उंदीर फुंकर मारून चावतो, म्हणून कळत नाही, असं घरात म्हणायचे. मला सकाळी गोधडीवर रक्त बघून कळलं. वर आजी. तिच्या लहानपणी प्लेग गावोगाव फिरत होता. 1896 ला मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात रँडसाहेबाचा खून झाला, ते सगळं पुस्तकात आहे. पण आजीच्या तोंडी त्यातलं काही नसायचं. ती एवढंच म्हणायची, "उंदीर पडला की घर सोडायचं." आढ्यावरून उंदीर पटकन खाली पडायचा, तिथंच गरगर फिरून मरायचा, आणि त्या दिवशी चूल विझवून सगळा गाव माळावर झोपड्यांत जायचा. माझ्या डोक्यात उंदीर म्हणजे आढ्यावरून पडणारी वस्तू. त्याला कुणी नाव ठेवून काजू-बदामासारखं जपतं, हे डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

"आणि गणपतीचं वाहन हाय ते?" वहिनी.

"गणपती बसले होते त्याच्यावर. मी नाही."

पहिले दहा-बारा दिवस मी फुटाण्याचा संसार सांडशीनं चालवला. पाण्याची बाटली सांडशीनं काढायची, दाण्याची वाटी सांडशीनं ठेवायची. हाताला गरम भांडी उतरवायचे कापडी मोजे. आमचे हे पेपराआडून म्हणायचे, "भट्टीवर चाललीस की काय?" स्वतः मात्र पिंजऱ्याच्या चार फुटांत फिरकले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "मी कॉमर्सचा."

आणि रात्री! दिवसभर झोपणारं जनावर ते. आपण अंथरुणाला पाठ टेकली की त्याची सकाळ. पिंजऱ्यात एक चाक असतं, त्यावर चढून धावायला लागलं की खडखड, खडखड पहाटेपर्यंत. एका रात्रीत काही किलोमीटर पळतं म्हणे, एका जागी. पहिल्या रात्री हे काठी घेऊन परसदारी गेले होते, चोर कुलूप तोडतोय म्हणून.

"ते आम्ही ऐकलं," वहिनी म्हणाल्या. "आमच्या ह्यांना वाटलं तुम्ही शेवया करायलायसा."

रात्री दोन वाजता?

*

चावला तो आषाढी एकादशीला. चूक माझीच, आणि एक नाही, दोन. सकाळी अकराची वेळ. खिचडीसाठी दाण्याचं कूट करून झालं होतं, आणि मनात आलं, आज पांडुरंगाचं नाव घेऊन याचा पिंजरा मोजे न घालता साफ करू. तो कागदाच्या चिंध्यांत गोळा होऊन झोपलेला. मी वरून हात घातला. बोटांना दाण्याचा वास. आता कुणीतरी तुम्हाला भर झोपेत छतातून हात घालून उचललं, आणि तो हात बोटभर शेंगदाण्याचा असला, तर तुम्ही काय कराल? हे आज सुचतंय. त्या वेळी मी फक्त किंचाळले. तर्जनीच्या शेंड्याला दोन बारीक भोकं, आणि रक्त थांबेना.

वहिनी खिंडीतून अशा आल्या, की अर्धी मेंदी अंगाला लागली. हळद त्यांनीच दाबली. (सांगलीत हळदीला कमी नाही.) आणि दाबता दाबता म्हणाल्या, "चौदा सुया आता. बेंबीभोवती. आमच्या भावजींना 78 साली कुत्रं चावलं तवा दिल्या होत्या. पंधरा दिवस सरळ उभं राहता आलं नाही."

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी हळद धुवायला लावली. साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मग दहा प्रश्न विचारले. कुठून आणला, किती दिवस घरात आहे, कुत्र्या-मांजराशी कधी गाठ पडली का. शेवटी म्हणाले, पिंजऱ्यात वाढलेल्या अशा बारक्या प्राण्यापासून रेबीजची भीती जवळजवळ नसते; धनुर्वाताचं इंजेक्शन देतो, ते तुमचं नाहीतरी राहिलंय. आणि चौदा सुयांची ती लस 2004 च्या अखेरीस आपल्या देशात बनवायचीच बंद झाली, आता लागलंच तर दंडात देतात. हे मी वहिनींना सांगितलं, तर त्यांचा चेहरा थोडा पडलाच. एवढी चांगली गोष्ट त्यांच्याकडं होती, आणि ती वीस वर्षांपूर्वीच रद्द झालेली.

त्यांच्या नातवानं लगेच मोबाइलमधून दुसरी काढली. 2022 च्या जानेवारीत हाँगकाँगला एका दुकानातल्या हॅमस्टरांमध्ये करोना सापडला, आणि सरकारनं दोनेक हजार हॅमस्टर मारून टाकले. मास्तरीणबाईंपर्यंत ती बातमी संध्याकाळी पोचली. नंतर दोन दिवस आमच्या फाटकासमोरून त्या तोंडाला पदर लावून जात होत्या.

त्या रात्री मी मुलाला फोन लावला. घेऊन जा म्हणणार होते. फोन नातीनं उचलला. "आजी, तो चावला ना? मलापण चावलेला. मी त्याला झोपेतून उठवलं होतं." एवढंच बोलली, आणि गप्प बसली. मी म्हणाले, "नाही गं, सहज फोन केला."

*

गुरांचे डॉक्टर आमच्याकडं पुष्कळ. म्हैस अडली, गाय आटली, की दारात येतात. फुटाण्याला घेऊन जायचं कुणाकडं? मिरजेच्या रस्त्यावर एक तरुण डॉक्टरीणबाई ससे, पोपट, कासवं बघतात असं कळलं, तिथं गेलो. त्यांनी फुटाण्याला बघितलं, वजन केलं, दात बघितले (पुढचे चार दात जन्मभर वाढतच राहतात त्यांचे, म्हणून सतत काहीतरी कुरतडायला लागतं), आणि मग मला बघितलं. म्हणाल्या, "याला काही झालेलं नाही. तुमचं सांगा."

मी सगळं सांगितलं. टाच, आढं, आजी. त्यांनी मला धीर धरा, घाबरू नका, असलं काही सांगितलं नाही. त्यांना माझ्या मनाची फिकीरच नव्हती. त्यांना फिकीर होती हाताची. "तुम्ही मनातून कितीही घाबरा," म्हणाल्या, "पण हात झटकायचा नाही. तुमच्या कमरेच्या उंचीवरून तो पडला तर पाठ मोडेल त्याची. तुम्हाला भोक पडलं, बरं होईल. त्याला बरं होता येत नाही."

मग म्हणे खाली बसून, मांडी घालून त्याला घ्यायचं, म्हणजे पडला तरी वीतभरच. मी म्हणाले, "बाई, मी खाली बसते. वर उठवायला तुम्ही येणार का?"

त्यांनाही हसू आलं. तिकडं परदेशात लोक कोरड्या बाथटबमध्ये बसतात म्हणे प्राण्याला घेऊन. चहूबाजूंनी कडा उंच, पळता येत नाही, पडता येत नाही. सांगलीत कुठला आलाय बाथटब!

हे सगळं दुसऱ्या दिवशी खिंडीत सांगत होते. वहिनी ऐकून घरात गेल्या, आणि त्यांच्या जिन्याखालून धडाडधूम आवाज आला. बाहेर आल्या ते दोन्ही हातांनी तांब्याचं घंगाळ छातीशी धरून. त्यांच्या सासूबाईंच्या रुखवतातलं. कडा वीतभर उंच, दोन्हीकडं कड्या, आतून काळंठिक्कर.

"ह्यात घाला त्याला. आणि ठेवा टीपॉयवर. तुम्ही कोचावर बसा."

मी म्हणाले, "अहो, रुखवतातलं आहे..."

"मग काय तर. माझ्या सासूनं ह्यात सात पोरं न्हाऊ घातली. एकबी खाली पडलं न्हाई."

*

कृती सांगते, कारण पुढं वहिनींनी ती निम्म्या गल्लीला चुकीची सांगितली.

हात आधी बिनवासाच्या साबणानं धुवायचे. कांदा, लसूण, दाणे, काही लागलेलं नको. त्याची नजर अधू. हातभर पलीकडचं त्याला धड दिसत नाही, आणि उंची तर कळतच नाही. टेबलाच्या कडेवरून सरळ पुढं चालत जातो. त्याचं सगळं नाकावर. म्हणून कागदी रुमाल रात्रभर आपल्या उशीखाली ठेवायचा आणि सकाळी फाडून त्याच्या अंथरुणात टाकायचा. म्हणजे झोपेतसुद्धा तुमचा वास. (आमचे हे म्हणाले, "माझ्या अंथरुणात चाळीस वर्षं आहे तो वास, मी कुठं चावलो?" यावर मी बोलले नाही.) मोजे अजिबात घालायचे नाहीत, मोज्याला तुमचा वास नसतो आणि आतल्या बोटांना अंदाज नसतो. रोज एकाच वेळी, दिवेलागणीनंतर तो आपणहून उठला की पिंजऱ्याशी बसून बोलायचं. काय बोलायचं ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं. मी हरिपाठ म्हणायची. नाहीतरी म्हणायचाच असतो.

मग हात आत ठेवायचा. वरून न्यायचा नाही. त्याच्या मूळ गावी आभाळातून येतं ते घार-घुबडच येतं, सावली पडली की मेलोच असं त्याच्या रक्तात आहे. हात बाजूनं न्यायचा, तळवा वर, जमिनीला टेकवून, मधोमध सूर्यफुलाची एक बी. आणि स्वस्थ बसायचं. तो येईल. आज नाही, उद्या. उद्या नाही, परवा.

माझ्याकडं तो सहाव्या दिवशी आला. आधी मिशा. मग गार गार पाय. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्यांना पाच, प्रत्येक बोट वेगळं कळतं तळहाताला. अंगावर काटा सरसरला, पार मानेपर्यंत. हात झटकायचा नाही, हात झटकायचा नाही. मी हरिपाठाच्या कुठल्या अभंगावर होते मला आठवत नाही, एकच ओळ किती वेळा म्हटली तेही नाही. त्यानं बी उचलली, सोलली नाही, खाल्ली नाही, नुसती गालात सारली आणि गेला. त्याच्या गालांना आतून थैल्या असतात, खांद्यापर्यंत जाणाऱ्या. भरल्या की तोंड डोक्यापेक्षा रुंद दिसतं. हॅमस्टर हे नावच मुळी जर्मन, साठेबाजी करणे या अर्थाच्या शब्दाच्या गोतातलं.

"म्हंजे आमच्या जाऊबाईच की," वहिनी म्हणाल्या. "लग्नघरातून येताना त्यांचीबी पिशवी अशीच फुगलेली असती."

घंगाळात त्याला पहिल्यांदा घेतलं ती तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवलीय, दुधाच्या खाड्यांशेजारी. आत जुना टॉवेल अंथरला, पिंजऱ्यातून स्टीलच्या ग्लासात तो आपणहून शिरला, ग्लास घंगाळात आडवा केला. मग दोन्ही हातांची ओंजळ, अर्घ्य देतो तशी. तो ओंजळीत चढला, आणि माझ्या अंगठ्याखाली त्याचं काळीज लागलं. मिनिटाला तीनशे-चारशे ठोके असतात. आईचं शिवणयंत्र पायाखाली जसं घरघरायचं तसं. मी हलले नाही. तोही हलला नाही. आमचे हे दारातून बघत होते, म्हणाले, "फोटो काढू?" मी मानेनंसुद्धा नाही म्हटलं नाही.

काटा त्या दिवशीही आला. पुढं महिनाभर येत राहिला. लोकांना वाटतं, एकदा हातात घेतलं की भीती गेली. तसं माझं काही झालं नाही. रोज साडेआठला भीती यायची, मालिकेच्या वेळेला येते तशी, आणि मी तिला घेऊनच घंगाळापाशी बसायची.

*

श्रावणातली भिशी माझ्याकडं होती. अकरा जणींपैकी सात आल्या. मास्तरीणबाई कोचावर पाय वर घेऊन बसल्या, चहासुद्धा तशाच प्यायल्या. कुणीतरी कौतुकानं भडंगाचे चार दाणे पिंजऱ्यात टाकायला निघाली. मी ओरडलेच. लसूण, कांदा त्याला विष. संत्रं-लिंबू नको. ज्वारी, बाजरी, राळे, काकडीचा काप, गाजर, एवढं त्याला पुष्कळ. गणपतीत वहिनींनी वाहनाचा नैवेद्य म्हणून मोदक पाठवला होता, तो वाहनाच्या वतीनं मी खाल्ला.

वहीच्या चौथ्या पानावर नातीनं फुटाण्याची वंशावळ काढली होती. ती मी त्या भिशीत वाचून दाखवली, कारण उंदीर, उंदीर ऐकून कान किटले होते. सीरियातलं अलेप्पो. 1930 साल. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या शौल ॲडलर नावाच्या शास्त्रज्ञाला काळ्या आजाराच्या जातीच्या रोगावर संशोधनासाठी प्राणी हवे होते. त्याच्यासाठी इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञानं अलेप्पोजवळ गव्हाचं एक शेत खणायला लावलं. आठ फूट खाली घरटं लागलं. एक आई, अकरा पिल्लं. पेटीत घातल्यावर घाबरलेल्या आईनं एका पिल्लाला मारलं. पुढं काही पळाली, काही मेली, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. त्यांचीच प्रजा 1931 ला इंग्लंडला गेली आणि तिथून जगभर. आज घराघरांत पाळलेले हे सोनेरी हॅमस्टर जवळजवळ सगळे त्या एका बिळातले.

"म्हंजे सगळे भाऊबंद?" वहिनी.

"सगळे."

"मग एका पिंजऱ्यात दोन ठेवता येत नसतील."

मी चाट पडले. खरंच ठेवता येत नाहीत. मोठे झाले की एकमेकांना जिवानिशी मारतात, डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"भाऊबंदकी म्हटल्यावर आणि काय कळायचं असतंय? आमची वांगीची जमीन बघा."

मला मात्र त्या गोष्टीत आठ फूट खोल अडकलं होतं. गव्हाच्या शेतात, जमिनीच्या पोटात, धान्य साठवून बसलेली बाई. हे मी कुठंतरी बघितलंय, बघितलंय, असं रात्रभर वाटत राहिलं, आणि पहाटे आठवलं. पेव! हरिपूरची पेवं. जमिनीत खोल खणलेली, वर तोंड माणूस उतरेल एवढंच, आत घागरीसारखी रुंद. त्यात हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागायची नाही. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा मारते, हे आम्हा पोरांना तिथं पाय ठेवण्याआधीच सांगितलेलं असायचं. 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि त्यातली कितीतरी गेली. तर हा फुटाणा म्हणजे आमच्या गावचाच, पेववाला.

तेव्हापासून दुकानातला तो वीतभर पिंजरा मला बघवेना. यांच्या मागं लागले. कॉमर्सच्या माणसानं जुन्या टीव्हीच्या शोकेसचा खालचा कप्पा मोकळा केला, पुढं काच, वर जाळी, आणि आत अर्धा फूट कागदाचा कातरा. फुटाण्यानं पहिल्या रात्रीत तळापर्यंत बोगदा नेला, आणि तिसऱ्या दिवशी काचेच्या कडेला त्याचं कोठार दिसलं. ज्वारी एका बाजूला, सूर्यफूल एका बाजूला. आमचे हे चष्मा लावून बघत बसले. म्हणाले, "स्टॉक रजिस्टर चोख आहे." आता तेच रोज बिया मोजून घालतात. हातात मात्र अजून घेत नाहीत.

*

नवरात्राच्या आधी स्वयंपाकघरात उंदीर आला. खरा. शेपटीचा. गव्हाचं पीठ सांडलं, साबणाची वडी कुरतडली. मी सवयीनं पिंजरा लावला, भज्याचा तुकडा अडकवून. रात्री अकराला खटका वाजला.

पूर्वी आम्ही काय करायचो ते सांगायला नको. बादलीभर पाणी, आणि पिंजरा आत. माझ्या सासूबाई करायच्या, मी करायची, वहिनी करतात. त्या रात्री मी दिवा लावला तर तो कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, आणि पोट धडधडत होतं. ते शिवणयंत्र. दिवाणखान्यात त्याच वेळी खडखड खडखड चाक फिरत होतं.

बादली मी भरली होती. तशीच राहिली.

"मग?" वहिनींनी कर्दळीची सुकलेली पानं काढता काढता विचारलं.

"यांना उठवलं. स्कूटरवरून ओढ्यापलीकडं सोडून आले, रात्री साडेबाराला."

"म्हंजे आता आमच्या भाचीच्या घरात. ती ओढ्यापलीकडंच राहती."

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही नाही. आणि एक सांगते, त्या उंदराला हात लावला असता का मी? नाही. पिंजरा यांच्याकडं देताना कापडी मोजे घातले होते, तेच, भट्टीचे. ती लांब, गुळगुळीत शेपटी बघून टाच आपोआप वर उचलली गेली. फुटाण्याला शेपटी असती तर हे घंगाळ-बिंगाळ काही जमलं नसतं, हे मी नातीलाही सांगितलंय. ती म्हणाली, "आजी, असू दे."

त्यांना घर मिळालंय म्हणे. दिवाळीला येणार आणि जाताना घेऊन जाणार. फुटाणा आता वर्षाचा होत आला. दोन-अडीच वर्षं असतात त्यांना. मी विषय वाढवला नाही.

आज सकाळी पारिजातकाचा नुसता सडा पडला होता. ओंजळ भरून वहिनींना दिली आणि म्हटलं, "घंगाळ चिंच-मीठ लावून घासून देते आजच. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला लागेल तुम्हाला."

"राहू दे ओ. आमच्यात आता गीझर. कोण घंगाळ बघतंय?" मग इकडंतिकडं बघून, मास्तरीणबाईंचं फाटक बंद आहे याची खात्री करून, आवाज उतरवला. "त्याला न्हाऊ घालायचं काय करता? पहिली अंघोळ तरी?"

"त्याला पाण्याची अंघोळ चालत नाही. गारठून मरतो. त्याला वाळू लागते. वाळूत लोळतो, अंग स्वच्छ होतं."

"मग आमच्या गच्चीच्या कामातली पोतंभर पडलीया की!"

"ती नको. धूळ असते त्यात, नाकात जाते. बारीक, स्वच्छ, खडखडीत कोरडी लागते."

वहिनी विचारात पडल्या. या बाईनं चार महिन्यांत आमच्या दिवाणखान्यात पाऊल टाकलेलं नाही, भिशीलासुद्धा दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"मी चाळून, चार पाण्यांनी धुऊन, उन्हात वाळवून देते. वर कढईत भाजते खमंग. मग?"

"मग बहुतेक चालेल. डॉक्टरीणबाईंना विचारते."

"विचारा." नळी उचलून त्या कर्दळीकडं वळल्या, आणि वळता वळता खांदे हलायला लागले. "आमच्या पेठेतला भडभुंजा वाळू तापवायचा फुटाणे भाजायला. आणि मी फुटाण्याच्या अंघोळीसाठी वाळू भाजणार. सांगू नका हं कुणाला."

मास्तरीणबाईंचं फाटक करकरलं.